आधी भाषा, मग यंत्र
(ब्रॅकनेल येथे ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आरतीनंतर एका आजींनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, गोळ्या आता फोनवरून मागवायच्या असतात. मला ते जमत नाही. म्हणून रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेते." इतकी वर्षं डॉक्टरी केली, पण या दुखण्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

मला सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडी आठवली. २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत आले. इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गोठा. पुष्कळ मुलांच्या घरची भाषा कन्नड, म्हणून गुरुजी आधी कन्नड शिकले. मग पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. फोन धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. परदेशांतल्या मुलांशीही त्यांनी मुलांच्या गाठी घालून दिल्या. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटले.

इंग्लंडच्या शाळांत पाचव्या वर्षापासून कॉम्प्युटर शिकवतात. आपल्या नातवंडांना सगळं येतं. त्यांनी रविवारी आरतीनंतर तासभर ज्येष्ठांजवळ बसावं, मराठीतून आणि न चिडता शिकवावं. घरात पडून असलेला चालू टॅबलेट मंदिरात आणून द्यावा. मात्र बँकेचा पिन शिकवणाऱ्यालाही सांगू नका.

आणि आजी, तोवर फोन मी लावून देतो. गोळी रोज घ्यायची!