छतावर सोलर आहे, तरी बॅटरी रिकामी का?

कानात इअरफोन घालून एसटीत बसला असाल, नाहीतर जेवण झाल्यावर पडवीत आडवे झाला असाल, सगळ्यांचं स्वागत. गेल्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. कॅम्पर व्हॅनच्या छतावर सोलर पॅनेल आहे, त्यात घडीचं, म्हणजे उचलून नेता येणारं पॅनेल जोडता येईल का? आणि जोडायचं तर कसं?

उत्तर एका वाक्यात सांगतो. जोडता येतं, पण आधी पॅनेलच्या मागचं लेबल आणि कंट्रोलरवरचे आकडे वाचा, पैसे मग खर्च करा. आता हे नीट उलगडू.

आपल्याकडे कॅराव्हॅन ही काही आता फक्त यूट्यूबवर बघायची गोष्ट राहिलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सावंतवाडीत मी आणि माझ्या मावसभावाने एक ट्रॅव्हलर गाडी आतून राहण्याजोगी केली आहे. सोमवार ते शुक्रवार मी त्यात बसून कोड लिहितो, सुट्टीत घरची मंडळी फिरतात. मावशी सोबत असली की फ्रिजमध्ये तिचं इन्सुलिन असतं. म्हणजे लॅपटॉप बंद पडला तर मी क्लायंटला सॉरी म्हणेन, पण फ्रिज रात्रभर चालायलाच हवा. त्यामुळे विजेचा हिशेब आमच्याकडे हौसेचा विषय नाही.

तो हिशेब असा. बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॉट-अवर खातो. बीएलडीसी पंखा ३० वॉटचा, आठ तास धरला तर २४०. लॅपटॉप आणि राउटर मिळून ४००. दिवे आणि मोबाइल ६०. झाले १२०० वॉट-अवर. बॅटरी आहे १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट. १२.८ गुणिले १००, म्हणजे १२८० वॉट-अवर. थोडक्यात, बॅटरी जेमतेम एक दिवस पुरते. रोजचं खाल्लेलं रोज भरून निघालं पाहिजे.

छतावर ३३० वॉटचं एक पॅनेल आहे. मोकळ्या आभाळाखाली, हिवाळ्यात, ते दिवसाला साधारण तेवढंच देतं. मग अडचण कुठे आहे?

अडचण सावलीत आहे. कोकणात गाडी उन्हात कोण लावतं? मावशीचा पहिला हुकूम असतो, "गाडी झाडाबुडी लाव रे, नायतर भितर भट्टी होतली!" आणि तिचं बरोबरच आहे. तारकर्लीला सुरूच्या बनात, वेंगुर्ल्याकडे काजूच्या बागेत, तिलारीच्या बाजूला जंगलाच्या कडेला, माणसाला जिथे बरं वाटतं तिथे पॅनेल उपाशी राहतं. आमच्या ॲपवर अशा दिवशी आकडा ३००-४०० वॉट-अवरच्या पुढे जात नाही.

शिवाय सावलीचा हिशेब सरळ नसतो. पॅनेलमधले सेल एकामागे एक साखळीने जोडलेले असतात आणि साधारणपणे त्यांचे तीन गट असतात. एक फांदी एका गटावर आडवी आली तर तो गट बाजूला पडतो आणि एक तृतीयांश वीज जाते. तीच फांदी तिन्ही गटांवरून गेली तर जवळजवळ सगळीच जाते, मग बाकीचं पॅनेल कितीही उन्हात चमकत असू दे.

म्हणून घडीच्या पॅनेलचा खरा फायदा जास्तीच्या वॉटमध्ये नाही. गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात, हा त्याचा फायदा. छतावर आणखी एक पॅनेल ठोकलं असतं, तर तेही त्याच सावलीत बसलं असतं.

दुसरा फायदा कलाचा. सावंतवाडी जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा छतावरचं आडवं पॅनेल एकदम योग्य जागी असतं. पण डिसेंबरात दुपारचा सूर्यसुद्धा क्षितिजापासून ५१ अंशांपर्यंतच चढतो. आडव्या पॅनेलला तेव्हा थेट उन्हाचा पाऊण हिस्साच मिळतो. घडीचं पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरकं ठेवलं, तर दुपारी २५-३० टक्के जास्त मिळतं. सकाळी पूर्वेकडे, संध्याकाळी पश्चिमेकडे फिरवलंत तर अजून थोडं.

पटलं? आता जोडणीकडे येऊ. इथे लक्ष द्या.

प्रत्येक पॅनेलच्या मागे लेबल असतं. त्यावर दोन व्होल्टेज असतात. एक काही न जोडता मिळणारं, त्याला व्हीओसी म्हणतात. दुसरं प्रत्यक्ष काम करतानाचं, व्हीएमपी. आमच्या छतावरचं ७२ सेलचं पॅनेल ४६ व्होल्ट व्हीओसी आणि सुमारे ३७ व्होल्ट व्हीएमपीचं. बाजारातलं १२० वॉटचं घडीचं पॅनेल साधारण २४ व्होल्ट व्हीओसी आणि १९ व्होल्ट व्हीएमपीचं.

बरेच जण काय करतात? वाय-आकाराचा कनेक्टर घेतात आणि दोन्ही पॅनेलं पॅरलल जोडून एकाच कंट्रोलरमध्ये घालतात. पॅरलल म्हटलं की दोघांना एकाच व्होल्टेजवर काम करावं लागतं. ३७ व्होल्टवर काम करणारं मोठं पॅनेल १९-२० व्होल्टपर्यंत खाली ओढलं जातं आणि त्याची जवळपास अर्धी वीज वाया जाते. म्हणजे १२० वॉट जोडून १५० वॉट घालवले.

बरं, मग सिरीज? सिरीजमध्ये सगळ्यांमधून एकच करंट वाहतो. सावलीत बसलेलं छतावरचं पॅनेल उन्हातल्या पॅनेललाही अडवून धरतं. ज्यासाठी खटाटोप केला तोच फायदा गेला.

तिसरा मार्ग सगळ्यात सोपा. घडीच्या पॅनेलसाठी वेगळा, छोटा एमपीपीटी कंट्रोलर घ्यायचा आणि दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीला जोडायचे. "दोन कंट्रोलर भांडणार नाहीत का?" असं खूप जणांनी विचारलंय. नाही भांडत. दोघंही बॅटरीचं व्होल्टेज बघतात आणि आपापल्या परीने वीज ढकलतात. फक्त दोघांचं चार्जिंग सेटिंग सारखं ठेवा, आणि ते बॅटरीच्या कंपनीने दिलेल्या कागदावरून भरा, अंदाजाने नाही.

वेगळ्या कंट्रोलरचं आणखी एक कारण आहे. आमचा जुना कंट्रोलर १०० व्होल्ट, २० अँपिअरचा. २० अँपिअर गुणिले बॅटरीचे १४ व्होल्ट, म्हणजे २८० वॉट. छतावरचं ३३० वॉटचं पॅनेलच त्याला भर उन्हात पुरून उरतं. त्यात आणखी वॉट घालून काय मिळणार?

इथे एक नियम पाठ करा. पॅनेलची ताकद कंट्रोलरच्या अँपिअरपेक्षा थोडी जास्त झाली, तर चांगला एमपीपीटी त्याला झेपेल तेवढंच घेतो, तरी किती जास्त चालेल ते त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा. पण व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं, तर कंट्रोलर जळतो. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. म्हणून आंबोलीत डिसेंबरची पहाट आहे असं धरून वीसेक टक्के जागा मोकळी ठेवा.

आमची मांडणी आता अशी आहे. १२० वॉटची दोन एकसारखी घडीची पॅनेलं, एकमेकांशी सिरीजमध्ये, ७५ व्होल्ट-१५ अँपिअरच्या वेगळ्या कंट्रोलरवर. दोघांचं मिळून व्हीओसी ४८ व्होल्ट, म्हणजे मर्यादेच्या बरंच आत. आत्ताच सिरीज नको म्हणालो आणि आता सिरीज कशी? कारण ही दोन्ही सारखी आहेत आणि दोन्ही उन्हातच असतात. त्यात वायरीचाही फायदा होतो.

तोही बघूया. गाडीपासून ऊन १० मीटरवर आहे. वायर जाऊन-येऊन २० मीटर. २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत पॅरलल जोडणीने १२-१३ अँपिअर वाहिले, तर जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच जातात. १९ मधले २, म्हणजे १० टक्के. सिरीजमध्ये करंट निम्मा, व्होल्टेज दुप्पट. ३८ मधला जेमतेम १ व्होल्ट जातो.

कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवायचा, पॅनेलजवळ नाही. त्याला बॅटरीचं व्होल्टेज नीट कळायला हवं. काही घडीच्या पॅनेलांच्या मागे आधीच एक छोटा कंट्रोलर चिकटवलेला असतो. त्याचं आउटपुट तुमच्या एमपीपीटीमध्ये घालू नका. त्याच्या आधीची, पॅनेलची मूळ वायर वापरा. आणि पॅनेल थेट बॅटरीला? कधीच नाही.

आता सुरक्षेचं बोलू, कारण आपण लाकडी प्लाय आणि पडदे असलेल्या छोट्या खोलीत झोपणार आहोत. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज हवाच. आमच्या १५ अँपिअरच्या कंट्रोलरला २० चा आहे आणि वायर त्याहून जास्त झेपणारी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. स्विचसाठी घरातला साधा एसी एमसीबी चालत नाही, डीसीचाच घ्या. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटतीच राहते. म्हणून पॅनेल उन्हात असताना कनेक्टर ओढून काढू नका. आधी डीसी स्विच बंद करा, नाहीतर पॅनेलवर जाड कापड टाका.

बॅटरीची चार्जिंग मर्यादाही बघा. आमच्या बॅटरीचा बीएमएस ५० अँपिअरपर्यंत घेतो. २० अधिक १५, झाले ३५. ठीक. गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून डीसी-टू-डीसी चार्जर ३० अँपिअर देतो. तेव्हा घडीची पॅनेलं आत असतात, म्हणून ३० अधिक २०, बरोब्बर ५०. तिन्ही एकदम चालू राहणार नाहीत, हे आम्ही ठरवून ठेवलंय.

कोकणातल्या खास गोष्टी राहिल्याच. दुपारनंतर समुद्रावरून वारं सुटलं की घडीचं पॅनेल पतंगासारखं उलटतं. पायाला दोरी बांधून एकेक चिरा ठेवा. खाऱ्या हवेत कनेक्टर गंजतात, म्हणून किनाऱ्यावरून परतलात की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि टोप्या लावून ठेवा. माडाखाली पॅनेल ठेवू नका, कारण सांगायला नको. आणि माकडांना ही चमकणारी वस्तू फार आवडते, नजर ठेवा.

आणि पाऊस. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत तिथे कितीही पॅनेलं पसरलीत तरी उपयोग नाही. पण सावंतवाडीहून आंबोलीला तासभर गाडी चालवलीत, तर तो डीसी-टू-डीसी चार्जर जवळपास ४०० वॉट-अवर भरून देतो. पावसाळ्यात पॅनेलवर पैसे घालण्यापेक्षा तो चार्जर आधी घ्या.

तर गोळाबेरीज काय? उन्हाच्या दिवशी, झाडाखाली उभ्या गाडीत, छतावरून ३००-४०० आणि घडीच्या दोन पॅनेलांकडून ९००-१०००. आमचे १२०० निघतात. रात्री फ्रिजचा आवाज चालू असतो आणि मावशी निवांत झोपते.

आता तुमचा गृहपाठ. आज गाडीजवळ गेलात की तीन फोटो काढा: पॅनेलच्या मागचं लेबल, कंट्रोलरचं लेबल आणि बॅटरीचं लेबल. ते समोर ठेवून हा भाग पुन्हा ऐका. कुठे अडलात तर फोटो पाठवा, पुढच्या भागात आपण मिळून आकडे लावू. तोवर गाडी सावलीत लावा, पॅनेल उन्हात ठेवा. येवा, कोकण आपलोच आसा!