बहात्तर टाके

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला ‘सोसायटीची आर्थिक वाटचाल’ हा विषय सुचवला होता. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचवणार! पण ती वाटचाल अहवालात छापलेली आहे, आकडे मी तपासले आहेत, टॅली होतात. म्हणून समितीची परवानगी घेऊन आज रविवारविषयी बोलतो. रविवार आणि लोकर.

हसू आलं ना? साहजिक आहे. आपल्या नंदुरबारला लोकरीचं काय काम? एप्रिलमध्ये इथे सुई हातात धरली तर घामाने लोकर बोटाला चिकटते. मिरची पथाऱ्यांवर वाळते ती याच उन्हात. पण दिवाळी झाली की सातपुड्यावरून वारा उतरतो. वर तोरणमाळला, डाबला दंव गोठल्याच्या बातम्या दरवर्षी पेपरात येतात, आणि इथे खाली आपण कपाटातून नॅफ्थलीनच्या वासाचे स्वेटर काढतो. आमच्या घरी विणकामाचा सीझन म्हणजे नवरात्र उठलं की सुरू आणि संक्रांतीच्या तिळगुळाला बंद.

माझी लोकरीशी पहिली ओळख १९६२ सालची. मी अकरा वर्षांचा होतो. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, आणि महिनाभरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्या हिवाळ्यात देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणत होत्या. आमच्या वाड्यातही. आईला तोवर फक्त शिवण येत होतं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी तिला सुलट-उलट शिकवलं. लोकरीची लडी उलगडून गुंडा करायला कोणाचे तरी दोन हात समोर ताठ धरायला लागत, ते हात माझे. अर्धा-अर्धा तास हलायचं नाही. त्या अर्ध्या तासात मोठ्या माणसांचं जे बोलणं कानावर पडलं, ते मला शाळेच्या कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. पोराचे हात अडकलेले असले की त्याला कान आहेत हे मोठी माणसं विसरतात.

पुढे बँकेत लागलो, लग्न झालं. आमच्या सौभाग्यवती त्या समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा जपून बोलतो. त्या माहेराहून दोन गोष्टी घेऊन आल्या: पितळी डबा आणि सुयांचा संच, आठ नंबरपासून बारा नंबरपर्यंत. सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे मला तेव्हा कळलं. बँकेत असं उलटं काही नसतं.

आमच्या वेळी शनिवार अर्धा दिवस असे. दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुटीचा झाला १ सप्टेंबर २०१५ पासून, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी. असो. त्यामुळे जे काही होतं ते रविवारी. शहाद्याला पोस्टिंग असताना आमचे रविवार ठरलेले: कधी प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर, कधी उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, आणि थंडीत एखादा रविवार तोरणमाळचा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, फिरकीचा तांब्या, आणि एका झोळ्यात विणकाम. सहल म्हणून हात रिकामे ठेवायचे नाहीत हा सौंचा नियम.

तोरणमाळच्या घाटात एकदा लोकरीचा गुंडा हिच्या मांडीवरून पडला. एसटी वळणं घेतेय, गुंडा प्रत्येक वळणाला बाक बदलतोय, आणि पिवळा धागा सगळ्या गाडीभर. लोक पाय वर घेऊन बसले. शेवटी गुंडा ड्रायव्हरच्या मागच्या जाळीशी थांबला. मग पुढच्या माणसाने मागच्याला, त्याने त्याच्या मागच्याला, असा तो गुंडाळत गुंडाळत परत आमच्यापर्यंत आला. कंडक्टर म्हणाला, “ताई, याचं तिकीट काढलं का? आमच्या आधी वर पोचला असता.” त्या दिवशी यशवंत तलावाच्या काठावर त्या गाडीतल्या तीन कुटुंबांनी आमच्यासोबत डबे सोडले. नावं आता आठवत नाहीत. त्यातल्या एका आजींनी हिला गळा घालायची वेगळी रीत शिकवली, ती अजून आमच्या घरात चालते.

आता जरा वेगळं सांगतो. त्याच्या आधीची गोष्ट, जानेवारी १९८१. माझी बदली धडगावला होती. आमची मुलगी तिथे जन्मली, महिनाभर आधी. वजन एक किलो आठशे. बाहेर कडाक्याची थंडी, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. तिथल्या नर्सबाईंनी बाळ पुसून सरळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं ठेवलं, वरून लुगडं आणि घोंगडी. म्हणाल्या, “खाली ठेवू नका. या झोपल्या की तुम्ही घ्या, साहेब.” सदऱ्याची बटणं सोडून मी तिला घेतलं. पाखराएवढा जीव, श्वास लागतोय का ते बघायला मी स्वतःचा श्वास धरून बसलो होतो. डोकं तेवढं बाहेर. टोपी नव्हती. जी दुकानात होती ती तिच्या खांद्यापर्यंत येत होती. आमच्या कॅशियरच्या पत्नीने माझा लग्नातला स्वेटर मागितला, त्याची एक बाही उसवली आणि कंदिलाच्या उजेडात रात्रीतून टोपी विणली. सकाळी ती टोपी पोरीच्या डोक्यावर होती. पुढे दुसऱ्या बाहीचे मोजे झाले. मी तो स्वेटर बिनबाह्यांचा बारा वर्षं वापरला.

मुलगी आज चव्वेचाळीस वर्षांची आहे, सुरतला असते. आज आली आहे. उभी राहू नकोस, ओळखतात सगळे.

खूप वर्षांनी वाचनात आलं की अगदी हीच रीत दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ साली एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी सुरू केली. त्यांच्याकडे बाळं ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. आज तिला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात आणि जगभर वापरतात. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, मोजे आणि टोपी. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे कमी वजनाचं. त्याच्या अंगावर चरबी नसते, आणि शरीराच्या मानाने डोकं मोठं, म्हणून डोक्यातून ऊब फार जाते. बाळाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. त्याच्या खाली गेलं की ते दूध ओढत नाही, आणि दूध नाही तर आणखी गार पडतं. टोपी म्हणजे औषध नाही, हे स्पष्ट सांगतो. खरी ऊब आईची. टोपी ती ऊब वरून निसटू देत नाही, इतकंच. आपल्या जिल्ह्यात कमी वजनाची बाळं किती जन्मतात, हे इथे बसलेल्या आरोग्य खात्यातल्या मंडळींना मी सांगायची गरज नाही.

आता सोसायटीकडे येतो. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर माणसं आली, आणि माणसांना घरं लागली. त्यातून २००० साली आपली सोसायटी उभी राहिली. कोणी जळगावचा, कोणी नाशिकचा, दोन घरं पार लातूरची. पहिल्या वर्षी जिन्यात भेटलो तर नुसती मान हलवायची. पहिल्या हिवाळ्यात पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर रविवारी दुपारी उन्हात आमची ही विणायला बसू लागली, कारण आमच्या घरात ऊन येत नव्हतं. मग एक आल्या, मग तीन. पोरं त्यांच्याभोवती. पुरुष मंडळी पत्ते घेऊन थोड्या अंतरावर. कोणाच्या घरी काय चाललंय, कोणाच्या सासूबाईंचं ऑपरेशन आहे, कोणाला मुलगी बघायची आहे, सगळं त्या ओट्यावर कळायचं. माझ्या मते आपली पहिली सर्वसाधारण सभा तीच. इतिवृत्त नाही एवढंच.

तो ओटा २०१२ ला पार्किंगसाठी काढला. गाड्या वाढल्या होत्या, काढावाच लागला.

त्याच सुमारास हिच्या बोटांचे सांधे धरले. सुई धरली की अंगठा ठणकायचा. मी नुकताच निवृत्त झालेलो, दिवसभर पेपर वाचणारा. एका रविवारी तिने सुया माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, “मी सांगते, तुम्ही करा.” तेव्हापासून आमच्या घरी डिक्टेशन चालतं. “सुलट. सुलट. आता उलट. अहो, धागा पुढे घ्या. पुढे म्हणजे तुमच्याकडे!” शेजारचे अप्पा एकदा दारातून बघून म्हणाले, “नाना, हाई काय करी राह्यनात?” मी म्हटलं, “लेजर लिहितोय.” आणि खरंच तसंच आहे. ओळ संपली की टाके मोजायचे. एकाहत्तर भरले तर एक शॉर्ट, तो सापडेपर्यंत उठायचं नाही.

माझा नातू दहावीला आहे. त्याने मोबाइलवर मला पेरू देशातलं एक बेट दाखवलं, ताकिले नावाचं, टिटिकाका सरोवरात. तिथे टोप्या पुरुषच विणतात, आणि त्यांच्या विणकामाला युनेस्कोने २००५ मध्ये मान दिला. “आबा, तुम्ही तिकडचे,” म्हणाला. नंतर हळूच माझ्या शेजारी बसला आणि टाके मोजू लागला. आता त्याच्या स्वतःच्या सुया आहेत, दहा नंबरच्या. तो विणताना मान खाली असते म्हणून की काय, एरवी जे विचारत नाही ते विचारतो. दहावीनंतर काय, भीती वाटते का, बाबा आणि तुमचं त्या वेळी कशावरून वाजलं होतं... मीही मान खाली घालून उत्तर देतो.

गेल्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्ही एकवीस टोप्या केल्या. नातू, मी, आणि सुटीत आली की लेक. सौ. सुपरवायझर. कृती सोपी आहे. दहा नंबरच्या सुया, मऊ बेबी वूल, बहात्तर टाके. दोन इंच एक सुलट एक उलट अशी बॉर्डर, मग सुलट ओळ, उलट ओळ, एकूण पाच इंच होईपर्यंत. मग सात सुलट, दोनांचा एक, असं ओळभर. उलट ओळ. मग सहा सुलट, दोनांचा एक. असं कमी करत आठ टाके उरले की धागा ओवून ओढायचा आणि बाजू शिवायची. बहात्तरला आठाने भाग जातो म्हणून बहात्तर. माप बघायला सोललेला लहान नारळ घ्या. आमच्या घरी रविवारी जेवणाच्या टेबलावर टोपी घातलेला नारळ असतो. धाकट्या नातीने त्याला डोळे काढल्यापासून तो फोडायला कोणी तयार नाही.

बटणं नकोत, गोंडा नको, नाडी नको. ज्यांना द्यायच्या तिथल्या सिस्टरांना आधी विचारायचं, त्या सांगतील तशा धुऊन, सुकवून, पिशवीत घालून द्यायच्या. आम्ही पिशवी दिली त्या दिवशी बाहेर बाकावर धडगावकडचा एक तरुण बाप बसला होता. आतून त्याच्या बाळाला टोपी घातल्याचं त्याने काचेतून पाहिलं. मला विचारलं, “कितीची आहे?” मी म्हटलं, पैसे नाहीत. “कोणी केली?” मी म्हटलं, मी. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ. मग सरकून मला बाकावर जागा दिली. मला बसायची घाई नव्हती, तरी बसलो.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती कार्यकारिणीसमोर जाहीर बोलतो. आपला हॉल रविवारी दिवसभर क्लासला भाड्याने द्यावा असा ठराव पुढच्या सभेत येतोय. मी सहा वर्षं खजिनदार होतो, भाडं काय असतं ते मला समजतं. माझी सूचना एवढीच की चार ते सहा हे दोन तास सोडा. त्यात जे उत्पन्न बुडतं ते सभासदांवर वाटलं तर घरटी महिन्याला चहाच्या दोन कपांइतकं येतं. हिशेब लेखी करून सचिवांकडे दिला आहे, कोणालाही बघता येईल. ओटा गेला त्याला तेरा वर्षं झाली. वरच्या मजल्यावर नवीन आलेल्या चार कुटुंबांची नावं मला पाट्या वाचूनच माहीत आहेत, आणि त्यांनाही माझं तसंच. विणायलाच बसा असं नाही. ज्यांना मेथी निवडायची आहे त्यांनी मेथी आणावी. पत्तेवाल्यांचंही स्वागत आहे, पैसे न लावता.

ठरावाचं काय व्हायचं ते सभेत होईल. तोवर येत्या रविवारी चार वाजता हॉल मोकळा आहे, मी चौकशी केली आहे. सुयांचे सहा जोड आणि लोकरीचे बारा गुंडे सोसायटीच्या ऑफिसात पितळी डब्यात ठेवले आहेत. डबा सौंचा आहे, तेवढा परत करावा. ज्यांना सुलट-उलट येत नाही त्यांना दुसऱ्या रांगेतल्या बाई शिकवतील. आवाज जरा मोठा आहे, घाबरू नये. आणि येताना एक नारळ आणा.