खारं पाणी, हिरवं पान

काही वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातला, मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला. घरी सांगायचं धाडस होईना. बायकोने भरून दिलेला डबा घेऊन रोज निघायचो आणि वाशीच्या खाडीकाठी बसून राहायचो. पिशवीत ग्रंथालयातून आणलेली 'स्मृतिचित्रे' होती.

१८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. ते दुःख त्यांनी लपवलं नाही, कुरवाळत बसल्या नाहीत. हसत हसत सांगून टाकलं. टिळक तर फुला-मुलांचे कवी. रानातली फुलं बघा आणि उद्याची चिंता सोडा, अशी येशूची शिकवण. तीच नजर टिळकांची.

माझ्यासमोर मात्र फुलं नव्हती. चिखल होता आणि चिखलात तिवरं. श्वास घ्यायला मुळं वर काढून उभी. सहज एका पानाला जीभ लावली, तर खारट! तिवर खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. म्हणून तर खाडीत हिरवं राहतं.

मी नमाज पढणारा माणूस. पण धडा ज्या दारातून आला, ते दार का नाकारू? त्याच संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आठ दिवस झाले, मला कळलंय. डबा भरलेलाच परत येतोय ना!"

मग आम्ही दोघांनी मिळून तो डबा उघडला.