वृद्धांच्या शुश्रूषेचें घर कसें पाहावें?

वाशिम शहरांत उतरून कोणी "येथें नर्सिंग होम कोठें आहे?" असें विचारलें, तर रस्त्यावरचा मनुष्य त्यास एखाद्या डॉक्टरांच्या खासगी दवाखान्याकडे, नाहींतर प्रसूतिगृहाकडे बोट दाखवील. त्यांत त्याची चूक नाहीं. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा जो कायदा आपल्याकडे 1949 सालीं झाला, त्यानेंहि आजारी, जखमी व दुर्बळ माणसांच्या शुश्रूषेचें स्थळ आणि प्रसूतिगृह हीं दोन्हीं एकाच नांवाखालीं घातलीं आहेत. परंतु ज्याचें ऑपरेशन झालें आहे, ज्यास रुग्णालय आतां ठेवून घेत नाहीं, आणि ज्याला घरींहि एकट्यानें उठतां-बसतां येत नाहीं, अशा म्हाताऱ्या माणसानें जावें कोठें? या प्रश्नाचें उत्तर मला तीन वर्षांपूर्वीं शोधावें लागलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. वैद्य नाहीं, वकीलहि नाहीं. तरी ठेच लागलेल्या माणसानें मागून येणाऱ्यास दगड दाखवावा, एवढ्याच अधिकारानें मी आज बोलत आहें.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, रिसोड तालुक्यांतील एका खेड्यांत राहत असे. ती विधवा, एकुलता मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास. पावसाळ्यांत अंगणांत पाय घसरून तिचें खुब्याचें हाड मोडलें. ऑपरेशन चांगलें झालें. बाराव्या दिवशीं डॉक्टर म्हणाले, "आतां घरीं न्या, पण यांना उठवायला, फिरवायला, कूस बदलायला माणूस हवें." माझ्या घरीं मी एकटा, आणि माझीच कंबर धरलेली. भाच्याच्या पुण्याच्या दोन खोल्या चौथ्या मजल्यावर, आणि सूनबाईहि कामावर जाणाऱ्या. आम्ही वृद्धाश्रमांत चौकशी केली. तेथील व्यवस्थापक सरळ मनाचे होते. ते म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे स्वतःच्या पायांनीं चालणाऱ्यांनाच घेतों. अंथरुणावरच्या माणसाची सेवा करण्याइतकी माणसें आमच्याजवळ नाहींत." वृद्धाश्रम आणि शुश्रूषेचें घर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें.

शेवटीं दुसऱ्या एका शहरांत जागा मिळाली. इमारत नवी, फरशी चकचकीत, दाराशीं फुलांच्या कुंड्या. मी तेवढेंच पाहिलें आणि पैसे भरले. तीन आठवड्यांनीं भेटावयास गेलों, तेव्हां आक्का म्हणाली, "लोक चांगले हायेत रे बापू, पन मले कोनी नावानं हाका मारत नाही. तीन नंबर म्हनतात." मी तें हंसण्यावारी नेलें. पुढच्या भेटींत तिची चादर बदलतांना पाठीच्या खालीं रुपयाएवढी जखम दिसली. तिला कुशीवर वळविणारें रात्रीं कोणी नव्हतें. श्रोतेहो, ती जखम मी चार महिने रोज पाहिली आहे. आणि जिला कोणी नांवानें हाक मारीत नाहीं, तिच्या पाठीकडेहि कोणी पाहत नाहीं, हा धडा मी त्या जखमेपासून शिकलों.

आपल्या समाजांत असें घर शोधणें हीच मुळीं लाजेची गोष्ट मानतात. "म्हातारीला टाकली," असें चार लोक म्हणतील, या भयानें मनुष्य गुपचूप चौकशी करतो. आणि गुपचूप केलेली चौकशी नेहमीं अपुरी राहते. वास्तविक निराधार व पंगू माणसांसाठीं पुण्यास डेव्हिड ससून यांच्या नांवाची संस्था एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून आहे. ती आज 'निवारा' या नांवानें ओळखली जाते. तेव्हां ही कल्पना कालपरवांची नव्हे. आमचा वाशिम जिल्हा 1998 सालीं अकोल्यापासून वेगळा झाला. त्यांत सहा तालुके आहेत, आणि गांवोगांवचीं मुलें शिकून पुणें-मुंबईकडे गेलेलीं आहेत. तीं वाईट आहेत म्हणून गेलीं नाहींत, पोटासाठीं गेलीं. म्हणून टाकणें आणि सोपविणें यांत भेद केला पाहिजे. जो ठेवून विसरतो तो टाकतो; जो पारखून ठेवतो आणि ठेवल्यावरहि पाहत राहतो, तो सोपवितो.

आतां पारख कशी करावी, तें सांगतों.

पहिली गोष्ट, कळवून जाऊं नका. एकदां जेवणाच्या वेळीं जा आणि एकदां दिवेलागणीनंतर जा. जेवणाच्या वेळीं पाहा कीं, ज्याचा हात थरथरतो त्याला कोणी घास भरवितें, कीं ताट तसेंच परत जातें. रात्रीं पाहा कीं, किती माणसांमागें किती सेवक जागे आहेत. दिवसाचे सेवक सर्वचजण अभिमानानें सांगतात. तुम्ही रात्रीचे विचारा.

दुसरी गोष्ट, डोळ्यांपेक्षां नाकावर विश्वास ठेवा. फिनेलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता नव्हे. अंथरुणावरच्या माणसाचीं नखें, तोंड, दांत व टाचा पाहा. पाण्याचा पेला हात पोंचेल अशा जागीं आहे काय, घंटा वाजविल्यावर किती वेळानें मनुष्य येतो, शौचकूपांत भिंतीला धरावयास दांडी आहे काय, हें पाहा.

तिसरी गोष्ट, कुशीवर वळविण्याबद्दल विचारा. ज्याला स्वतः हलतां येत नाहीं, त्याची कूस साधारणपणें दर दोन तासांनीं बदलावी लागते, असें मला परिचारिकांनीं शिकविलें. जेथें हें खरोखर करतात, तेथें बहुधा त्याची वहीहि असते. ती वही मागा. पाठ, खुबे आणि टाचा येथें आलेली लाली बोटानें दाबून जर फिकी पडत नसेल, तर जखम होण्याची ती पहिली खूण समजावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

चौथी गोष्ट, औषधें कोण देतो, तो शिकलेला आहे काय, डॉक्टर किती दिवसांनीं येतात, आणि अपरात्रीं दम लागला तर कोणत्या रुग्णालयांत व कोणत्या वाहनानें नेणार, हें स्पष्ट विचारा. घरच्यांना त्याच रात्रीं कळविणार कीं सकाळीं, हेंहि विचारा. उत्तर देतांना जो चिडतो, त्याच्या घरीं आपलें माणूस ठेवूं नका.

पांचवी गोष्ट, पैशाचा व्यवहार कागदावर. महिन्याची रक्कम किती, तींत औषधें, लंगोट, धुलाई येतात काय, अनामत रक्कम केव्हां परत मिळेल, हें लिहून घ्या. आणि भेटीला कोणत्याहि वेळीं येतां येईल काय, हें शेवटीं विचारा. चांगल्या घराला आकस्मिक पाहुण्याचें भय नसतें.

चौकशी कोठें करावी, हा पुढचा प्रश्न. वृद्धांसाठीं 14567 हा दूरध्वनि क्रमांक सर्व देशभर आहे. सकाळीं आठपासून रात्रीं आठपर्यंत तेथें माहिती मिळते, आणि कोणी वृद्ध निराधार सांपडल्यास किंवा त्याचा छळ होत असल्यास साहाय्यहि मिळतें. जिल्ह्याच्या ठिकाणीं समाजकल्याण कार्यालयांत वृद्धाश्रमांची विचारपूस करावी. संस्था जर शुश्रूषागृह म्हणून नोंदलेली आहे असें सांगत असेल, तर नोंदणीचा दाखला पाहावा व जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयांत खात्री करून घ्यावी. अशा नोंदलेल्या शुश्रूषागृहानें रुग्णांच्या हक्कांची सनद आणि आपले दर दर्शनी भागीं लावले पाहिजेत, असें महाराष्ट्रांतील 2021 च्या सुधारित नियमांत आहे. भिंतीवर ती पाटी शोधा.

कायद्याविषयींहि दोन शब्द सांगतों. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा 2007 सालीं झाला. साठ वर्षांवरील मनुष्य, ज्यास स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह करतां येत नाहीं, तो आपल्या मुलांकडून निर्वाहखर्च मागूं शकतो. आणि निर्वाह या शब्दांत अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर औषधोपचार व शुश्रूषाहि येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करावयाचा. वकील लागत नाहीं. नोटीस पोंचल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा, असा नियम आहे. मला सांभाळावें या अटीवर दिलेलें घर किंवा शेत घेणाऱ्यानें अट मोडल्यास तें हस्तांतरण रद्द करवून घेतां येतें. म्हणून बक्षीसपत्र करणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनीं ती अट कागदांत स्पष्ट लिहावी. प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल असें एक तरी गृह राज्य सरकारांनीं टप्प्याटप्प्यानें उभारावें, असेंहि या कायद्यांत म्हटलें आहे. आपल्या जिल्ह्यांत तें किती झालें, हें आपण नागरिकांनींच विचारीत राहिलें पाहिजे.

पैशाची बाजूहि पाहूं. सत्तर वर्षें वा त्यावरील प्रत्येकास, उत्पन्न कितीहि असो, वर्षाला कुटुंबामागें पांच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयांतील उपचार मिळण्याची योजना केंद्र सरकारनें 2024 च्या ऑक्टोबरांत सुरू केली. परंतु ध्यानांत ठेवा, हा पैसा मुख्यतः रुग्णालयांतील उपचारासाठीं आहे. पुढें महिनोन् महिने जी सेवा लागते, तिचा खर्च त्यांतून निघत नाहीं. तो हिशेब कुटुंबानें आधींच मांडला पाहिजे, आणि भावाभावांनीं तो मनुष्य पडण्यापूर्वीं मांडावा, पडल्यावर नव्हे.

आक्काचें पुढें काय झालें, हें आपण मनांत विचारीत असाल. आम्ही तिला तेथून काढलें. भाचा महिनाभर रजा घेऊन आला. एका निवृत्त परिचारिकाबाईंनीं त्याला आणि शेजारच्या एका गरजू बाईंना कूस वळविणें, जखम धुणें, धरून उभें करणें हें सर्व शिकविलें. जखम भरली. पुढें वर्षानें तिची स्मृति जाऊं लागली, रात्रीं ती दार उघडून बाहेर पडूं लागली, तेव्हां मात्र पुन्हां घर शोधावें लागलें. या वेळीं मी चार घरें पाहिलीं. दोन रात्रीं पाहिलीं. जें निवडलें त्याची इमारत जुनी आहे, रंग उडालेला आहे. परंतु मी दाराशीं उभा असतां आंतून एक सेविका म्हणत होती, "आजी" नव्हे, "तीन नंबर" नव्हे, तर शेजारच्या खाटेवरील बाईंचें सबंध नांव घेऊन, "उठतां ना? चहा निवेल." मी तेथेंच ठरविलें.

आक्का आतां मला नेहमीं ओळखते असें नाहीं. दर गुरुवारीं मी जातों. कधीं ती मला आमचे वडील समजते, कधीं शाळेंतला शिपाई. पण तिचें नांव घेऊन कोणी हाक मारली, कीं ती मान वर करते. तेवढी मान वर व्हावी, यासाठीं केलेली सारी यातायात मला सार्थकीं लागल्यासारखी वाटते. आपणांवर ही वेळ येईल तेव्हां लाजूं नका, घाई करूं नका, आणि ठेवल्यावर जाणें सोडूं नका. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.