वनपिंगळ्याची साक्ष

भिवंडी म्हटलें कीं यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा एवढेंच चित्र बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें खोटें नाहीं. अपुरें मात्र आहे. कामवारी नदीच्या कांठीं खंड्या टपून बसतो, परसांतल्या जास्वंदीवर शिंजीर लोंबकळतो, आणि तिन्हीसांजेला जुन्या भिंतीच्या भोकांतून पिंगळा मान बाहेर काढून चिरक्या आवाजांत भांडूं लागतो. पूर्वीं या पांखरांच्या वाट्याला मुलांची गलोल येत असे. आतां कॅमेरा, आणि तो नसला तर खिशांतला मोबाइल, पुष्कळांच्या हातीं आला आहे. हा पालट चांगला, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. प्रश्न पुढचा आहे. असें घेतलेलें छायाचित्र कशाची साक्ष देतें, आणि ती साक्ष कितपत मानावी?

उत्तर शोधण्यास भिवंडीकराला फार दूर जावें लागत नाहीं. तालुक्याच्या उत्तर भागांत वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूनें जी तानसा नदी वाहते, तिच्या वरच्या अंगाला तानसा अभयारण्य आहे. सन २०१४ च्या ऑक्टोबरांत तेथें एका पक्षिनिरीक्षकाला आणि एका वनरक्षकाला एक लहानसें घुबड दिसलें. त्याचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं, आणि तो वनपिंगळा असल्याचें ठरलें. मुंबईचें पाणी जेथून येतें त्या तलावाच्या रानांत हा पक्षी नांदत असेल, अशी कल्पना तोंवर फारशी कोणी केली नव्हती. पक्षिप्रेमी मंडळींत केवढी खळबळ उडाली, हें कळण्यास या पांखराचा मागचा इतिहास ठाऊक असावयास हवा.

सन १८७२ मध्यें ब्लेविट नांवाच्या गृहस्थांनीं आजच्या छत्तीसगडांतील फुलझर भागांत एक पिंगळा मारला. पुढल्याच वर्षीं ह्यूमसाहेबांनीं त्याचें शास्त्रोक्त वर्णन करून त्याला ब्लेविट यांचें नांव दिलें. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें खानदेशांत, शहादें-तळोद्याच्या बाजूला, आणखी कांहीं पक्षी मिळविले. त्या काळीं पक्षी पाहिल्याचा पुरावा म्हणजे बंदुकीनें मारून, कातडें सोलून, कापूस भरलेला नमुना. आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गांव, तारीख व मारणाराचें नांव. नमुन्याची सारी किंमत त्या चिठ्ठींत असते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. वनपिंगळ्याचे असे सातच नमुने जगांत जमा झाले. सन १८८४ नंतर पक्षी जणूं नाहींसाच झाला.

पण एक चिठ्ठी १९१४ सालची होती. तींत गुजरातेंतील तापीकांठच्या मांडवीचें नांव होतें आणि खालीं कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांचें. मोठा सेनाधिकारी, नामांकित पक्षितज्ज्ञ. त्याच्या शब्दावर संशय कोण घेणार? त्या चिठ्ठीवर विश्वासून पुढच्या शोधकांनीं भलत्याच मुलखांत पायपीट केली, आणि पांखरूं कांहीं भेटलें नाहीं. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनीं अखेर तो नमुना बारकाईनें तपासला, क्ष-किरणांखालीं धरला. तेव्हां उघडकीस आलें कीं, तो डेव्हिडसननें खानदेशांत मिळविलेलाच पक्षी होता. लंडनच्या संग्रहालयांतून तो चोरून, पुन्हां भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. कर्नल १९६७ मध्येंच वारले होते. जाब विचारावयास कोणी उरलें नव्हतें.

खरी चिठ्ठी मात्र अजून वाट दाखवीत होती. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हीं तिघें ती धरून शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशीं आलीं. दिनांक २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं, उघड्या उन्हांत, निष्पर्ण झाडावर वनपिंगळा बसलेला त्यांनीं पाहिला. एकशें तेरा वर्षांनीं! या खेपेला बंदूक नव्हती. त्यांनीं छायाचित्रें घेतलीं, चलच्चित्र घेतलें, आणि पक्षी आपल्या वाटेनें उडून गेला. जगानें तोच पुरावा मान्य केला.

चित्रावरून ओळख कशी पटते, तेंहि ऐकण्याजोगें आहे. गांवांतल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते. वनपिंगळ्याचें डोकें जवळजवळ कोरें, आणि अंगाच्या मानानें थोर. छातीवर गडद तपकिरी रंग सलग पसरलेला. खालचें पोट पांढरें शुभ्र. पायांवर पांढऱ्या पिसांचे जाड पायमोजे. शिवाय हा दिवसा शिकार करतो आणि शेपूट डावीकडे-उजवीकडे झटक्यानें हलवितो. म्हणजे डोकें, छाती व पाय तिन्ही स्पष्ट दिसतील असें एक साधें चित्र, ज्यांत केवळ पिवळे डोळे चमकताहेत अशा दहा देखण्या चित्रांहून अधिक उपयोगी पडतें. देखणेंपणा वाईट नव्हे. पण तो साक्षीच्या आड येऊं नये.

थोर व्यावसायिकांचें मोठेपण येथेंच दिसतें. मुंबईचे नयन खानोलकर यांच्या एका छायाचित्राला २०१६ मध्यें लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या स्पर्धेंत नागरी विभागाचें पारितोषिक मिळालें. आरे वसाहतींतल्या वारली वस्तींतील एक बोळ, आणि त्यांतून घरांच्या कडेनें चाललेला बिबट्या. बिबट्यानें चित्र व्यापूं नये, त्याच्याबरोबर माणसांची वस्तीहि दिसावी, अशा बेतानें त्यांनीं कॅमेरा मांडला. प्रकाशहि बोळांतल्या नेहमींच्या दिव्याशीं मिळताजुळता ठेविला. तसें चित्र मिळावयास चार महिने लागले. याच संग्रहालयाच्या २०१७ च्या स्पर्धेंत ब्राझीलमधील एका मुंगीखाऊ प्राण्याचें रात्रीचें चित्र गाजलें होतें. पुढल्या वर्षीं तज्ज्ञांनीं तपासून निर्णय दिला कीं, त्यांतील प्राणी पेंढा भरलेला आहे. छायाचित्रकारानें आरोप नाकारला. पण पारितोषिक गेलें. ज्या संग्रहालयांतून वनपिंगळा चोरला गेला, त्याच्याच दारीं दुसरा पेंढा भरलेला प्राणी यावा, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा!

आजच्या कॅमेऱ्यांत चिठ्ठी आपोआप लिहिली जाते. तारीख, वेळ, आणि सोय चालू असल्यास स्थळहि चित्राबरोबर नोंदलें जातें. मोबाइलवरून चित्र पुढें धाडलें कीं ही नोंद बहुधा गळून पडते. उरतें एक सुंदर अनाथ पांखरूं. तें तानसाचें कीं ताडोबाचें, कोणी सांगावें? म्हणून मूळ चित्र जपून ठेवणें आणि वहींत दोन ओळी टिपणें ही भिवंडीच्या हौशी मुलालाहि साधण्याजोगी गोष्ट आहे. त्याच्या भिंतींतल्या पिंगळ्याच्या नोंदीलाहि मोल आहे. कोठली भिंत पडली आणि कोठला पिंगळा गेला, हें त्याच्यावांचून कोण लिहिणार?

एक पेंच मात्र राहतो. स्थळ खरें लिहावें हें ठीक. पण तें सर्वांना सांगावें काय? दुर्मिळ घुबडाचें झाड कळलें कीं तेथें गर्दी होते. कोणी ध्वनिमुद्रित साद वाजवितो. प्रतिस्पर्धी आला असें समजून पक्षी पिलें सोडून त्या आवाजामागें धांवतो, आणि एका चित्रापायीं त्याची सकाळची शिकार हुकते. घुबडांना जादूटोण्यासाठीं पकडणारे तर छायाचित्रकाराच्याच पायवाटेनें येतात. अभयारण्यांत छायाचित्रणासाठीं परवानगी घेण्याची तरतूद १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत आहे. परंतु वाजणारी साद कायद्याच्या कानीं दर वेळीं पडतेच असें नाहीं. सन २०१८ मध्यें वनपिंगळ्याला आंतरराष्ट्रीय यादींत अतिसंकटग्रस्त वर्गांतून संकटग्रस्त वर्गांत आणण्यांत आलें, कारण तो आणखी ठिकाणीं सांपडूं लागला. तरी संख्या थोडीच आहे. त्यामुळें जाणते छायाचित्रकार घरट्याचें नेमकें ठिकाण वनखात्याला व संशोधकांना कळवितात, आणि लोकांपुढें चित्र ठेवतांना त्याखालीं केवळ जिल्ह्याचें नांव व महिना लिहितात.