न येण्याची आठवण



पाककला आणि आतिथ्य व्यवस्थापनाच्या पदवीधरांपुढे खरं तर एखाद्या नावाजलेल्या शेफनं बोलायला हवं. मी संपादक. मासिकासाठी लोकांच्या पाककृती तपासण्यात माझी हयात गेली. ‘मसाला खमंग परतून घ्यावा’, ‘पीठ जरा सैलसर भिजवावं’, ‘मीठ चवीनुसार’ या वाक्यांशी माझं जुनं भांडण आहे. खमंग म्हणजे किती, हे लिहिणारीला पक्कं ठाऊक असतं. वाचणारीला ते ठाऊक नसतं, म्हणून तर ती वाचत असते. या दोघींमधलं अंतर कमी करण्यात ज्यांनी आपलं आयुष्य घातलं, त्या बाईंविषयी मी आज बोलणार आहे. त्यांचं नाव ज्युलिया चाइल्ड.

15 ऑगस्ट 1912 रोजी कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे त्यांचा जन्म झाला. घर सुखवस्तू होतं आणि घरात स्वयंपाकीण होती, त्यामुळे चुलीपाशी जायची वेळ फारशी आली नाही. 1934 साली स्मिथ कॉलेजातून त्या इतिहास घेऊन पदवीधर झाल्या. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जाहिरातीचा मजकूर लिहिला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायचं मनात होतं, पण सहा फूट दोन इंच उंची आड आली. मग त्या अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात गेल्या. तिथे कागदपत्रांची व्यवस्था सांभाळत त्या श्रीलंकेतल्या कँडीला आणि नंतर चीनमधल्या कुनमिंगला पोहोचल्या. कँडीत त्यांची पॉल चाइल्ड यांच्याशी ओळख झाली. पॉल खाण्यातले दर्दी. 1946 साली दोघांनी लग्न केलं आणि 1948 मध्ये पॉल यांच्या सरकारी नोकरीमुळे बिऱ्हाड पॅरिसला गेलं. वाटेत रुआँ गावी लोण्यात परतलेला मासा त्यांनी खाल्ला आणि असं जेवण आपल्याला करता आलं पाहिजे, या ध्यासानं त्यांना धरलं. तेव्हा वय होतं छत्तीस.

पुढच्या वर्षी त्यांनी ‘ल कॉर्दों ब्ल्यू’ या पाकशाळेत नाव घातलं. गृहिणींचा वर्ग त्यांना फारच सोपा वाटला, म्हणून त्या व्यावसायिक वर्गात गेल्या. तिथे बाकीचे सगळे युद्धावरून परतलेले अमेरिकन सैनिक होते. शिकवायला मॅक्स ब्यून्यार नावाचे मुरलेले शेफ होते. बाईंनी जीव तोडून मेहनत केली, आणि अखेरच्या परीक्षेत त्या नापास झाल्या! अवघड पदार्थांची त्यांनी कसून तयारी केली होती. परीक्षेत आले शाळेच्या प्राथमिक पुस्तिकेतले साधे पदार्थ, आणि त्यांची प्रमाणं त्यांनी पाठ केलेली नव्हती. परीक्षा पुन्हा देऊन त्या उत्तीर्ण झाल्या. तुमच्यापैकी कुणाचा एखादा विषय मागे राहिला असेल, तर त्यानं आज जेवताना संकोच करू नये.

मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. सिमोन बेक आणि लुइझेत बेर्थोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर त्या अमेरिकन वाचकांसाठी फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक लिहू लागल्या. मैत्रिणींच्या हाताला फ्रेंच चव जन्मापासून होती. ज्युलियाबाईंपाशी दुसरंच भांडवल होतं: न येणं म्हणजे काय, हे त्यांना अजून आठवत होतं. अंड्याच्या बलकात तेल घोटून मेयोनेझ करायचं, ते इतके दिवस नीट जमत होतं आणि थंडी पडल्यावर एकदम फुटायला लागलं. सराईत बाईनं ‘आज हात लागला नाही’ म्हणून विषय सोडला असता. यांनी बलक कोमट भांड्यात फेटून पाहिला, तेलाची धार कमीजास्त करून पाहिली. घरात कुणाला मेयोनेझ नको झालं, तरी त्या थांबल्या नाहीत. हाताच्या सवयीमागचं कारण सापडलं तेव्हाच त्यांनी ते लिहून काढलं.

फ्रान्समधला मैदा वेगळा, अमेरिकेतला वेगळा. साय वेगळी, मांसाचे तुकडे पाडायची पद्धत वेगळी. म्हणून पाककृती अमेरिकेतल्या मैत्रिणींना टपालानं जात, त्यांच्या चुलीवर तपासल्या जात आणि पुन्हा लिहिल्या जात. यात जवळजवळ दहा वर्षं गेली. ज्या प्रकाशकाशी आधी करार झाला होता, त्यानं हस्तलिखित नाकारलं. मग ते क्नॉफ प्रकाशनाच्या ज्युडिथ जोन्स या संपादिकेकडे गेलं. त्यांनी हस्तलिखितातला रेड वाइनमध्ये शिजवलेल्या बीफचा रस्सा घरी स्वतः करून पाहिला आणि पुस्तक छापायचंच असा आग्रह धरला. माझ्या व्यवसायाला याहून मोठा धडा नाही: पाककृतीचं संपादन शेवटी चुलीवर होतं. 1961 साली ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’ बाजारात आलं. पानं सातशेहून अधिक.

पुस्तकाच्या निमित्तानं बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या शैक्षणिक वाहिनीनं त्यांना मुलाखतीला बोलावलं. बाईंनी विजेची शेगडी मागून घेतली आणि कॅमेऱ्यासमोर ऑम्लेट करून दाखवलं. हे आणखी पाहायचंय, अशी प्रेक्षकांची पत्रं आली. 11 फेब्रुवारी 1963 रोजी ‘द फ्रेंच शेफ’ सुरू झालं. बाई फ्रेंच नव्हत्या आणि कुठल्या हॉटेलच्या शेफही नव्हत्या. वय होतं पन्नास.

वाहिनी गरीब होती. तिचा स्टुडिओ आगीत जळालेला, त्यामुळे चित्रण एका कंपनीच्या प्रात्यक्षिकाच्या स्वयंपाकघरात होई. टेप कापून जोडणं महाग, म्हणून अर्ध्या तासाचा भाग सहसा सलगच चित्रित करायचा. एकाच पदार्थाची कच्ची, अर्धी शिजलेली आणि तयार अशी भांडी ओळीनं मांडून ठेवायची. पॉल सामान वाहत आणि भांडीसुद्धा घासत. एका भागात बटाट्याचं थालीपीठवजा धिरडं उलटताना निम्मं शेगडीवर सांडलं. बाईंनी ते उचलून पुन्हा तव्यात जोडलं आणि स्वयंपाकघरात एकटे असताना पाहतंय कोण, असं प्रेक्षकांना विचारलं. लोकांनी पुढे या गोष्टीला इतकं तिखटमीठ लावलं, की त्यांच्या हातून अख्खी कोंबडी जमिनीवर पडली होती, असं आजही सांगतात. तसं कधी घडलं नव्हतं.

पण धिरडं का सांडलं, तेही त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं: उलटताना हात कचरला. फजितीतला विनोद सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला त्यामागची शिकवण्याची शिस्त मोठी वाटते. चूक झाली, तिचं कारण हे, आणि आता ती अशी निस्तरायची. घरी बसलेल्या बाईची भीती अशानं जाते. परिपूर्ण पदार्थ नुसता पाहिला, तर ती वाढते. हा कार्यक्रम दहा वर्षं चालला, त्याला पीबॉडी आणि एमी हे पुरस्कार मिळाले. सार्वजनिक वाहिनीवर एखाद्या कंपनीचं पीठ किंवा भांडं खपवायचं नाही, हे पथ्य बाईंनी पुढे वाहिनीबाहेरही पाळलं आणि जाहिरातींना नकार दिला.

पुस्तकाच्या दुसऱ्या खंडासाठी फ्रेंच पाव घरच्या ओव्हनमध्ये करायचा घाट घातला, तेव्हा तर कसोटीच लागली. फ्रान्समध्ये हा पाव घरी कुणी करत नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणतात. बेकरीच्या भट्टीत तापलेली फरशी असते आणि वाफ सोडायची सोय असते. फ्रेंच पावाचे जाणकार प्रोफेसर रेमों काल्वेल यांच्याकडून त्यांनी पीठ मळण्याची आणि पाव वळण्याची रीत समजून घेतली. मग घरच्या ओव्हनमध्ये फरशी तापवली, पाण्याच्या भांड्यात तापलेला दगड टाकून वाफ काढली. 1970 साली दुसरा खंड निघाला तेव्हा साध्या घरात पाव करता येईल अशी कृती त्यात होती.

आणि ऐंशी उलटल्यावर? नव्वदच्या दशकातल्या काही मालिकांमध्ये त्या इतर शेफना बोलावून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि प्रेक्षकाच्या मनातले प्रश्न विचारू लागल्या. 13 ऑगस्ट 2004 रोजी, ब्याण्णवाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, त्या गेल्या. त्यांचं बोस्टनजवळच्या केंब्रिजमधलं स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मित्रहो, आपल्या आज्या अंदाजानं करत आणि उत्तम करत. त्यांची विद्यार्थिनी शेजारीच बसलेली असे. डोळ्यांनी पाही, बोटानं चाखे. तुमचा विद्यार्थी शेजारी नसेल. तो वसतिगृहात, परदेशात, मोबाइलच्या पडद्यापलीकडे असेल. तुम्ही त्याला तीस सेकंदांचं रील दाखवाल, त्यात फोडणी बरोबर तडतडेल आणि पुरण कधीच पातळ होणार नाही. त्याचं मात्र होईल. तेव्हा त्याला सांगायला तुमच्यापाशी काय असेल?

पदवीचा एक धोका असतो. येऊ लागलं की न येणं आपण विसरतो. पहिल्या सत्रात तुमचा पाक कितीदा करपला, सुरी कशी धरावी ते कोणत्या क्षणी उमगलं, कुठल्या शिक्षकाचं कुठलं वाक्य उपयोगी पडलं आणि कुठलं डोक्यावरून गेलं, हे आज तुम्हाला लख्ख आठवतंय. पाच वर्षांनी आठवणार नाही. म्हणून या आठवड्यातच वही घेऊन ते लिहून काढा. नवी कृती बसवलीत की ती आधी स्वयंपाक न येणाऱ्या माणसाच्या हाती द्या, त्याला करू द्या, तुम्ही गप्प उभे राहा. तो जिथे अडेल तिथे तुमची कृती अपुरी आहे असं समजा. उद्या तुमच्या हाताखाली एखादा बुजरा पोरगा भांडी घासायला येईल. त्यानं प्रश्न विचारला तर ‘एवढंही येत नाही?’ असं म्हणू नका. एवढंही येत नव्हतं, म्हणून तर तुम्ही या संस्थेत आला होतात.