सुट्टीचा परवाना, श्रमाची अट

परदेश पाहावयास निघालेल्या तरुणाने वाटेत मिळेल ते काम करावे व प्रवासाचा खर्च भागवावा, ही रीत जुनीच आहे. तिला शासकीय मान्यता देणारा ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसा ऑस्ट्रेलियाने १९७५ साली सुरू केला. आरंभी तो ब्रिटन, आयर्लंड व कॅनडा येथील तरुणांपुरता होता. भारताशी २ एप्रिल २०२२ रोजी झालेल्या व्यापार करारात अशा व्हिसाचे आश्वासन देण्यात आले आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून १८ ते ३० वर्षे वयाच्या भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ या जोडव्हिसाचे दार खुले झाले. वर्षाला जागा एक हजार, निवड सोडतीने. पहिल्या सोडतीसाठी दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार तरुणांनी नावे नोंदविली.

नावात ‘हॉलिडे’ असले, तरी या योजनेचा कणा श्रम हा आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. ऑस्ट्रेलिया खंडप्राय, लोकवस्ती मुख्यतः किनाऱ्यावरील शहरांत. बंडाबर्गची भाजी, मिल्ड्युराची द्राक्षे, टास्मानियाची चेरी तोडणीस आली म्हणजे हंगामापुरते हात आणावयाचे कोठून, हा तेथील बागाईतदारांचा कायमचा प्रश्न. २००५ साली त्यावर एक तोड निघाली. ग्रामीण भागात तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, ठरवून दिलेले काम करणाऱ्या प्रवाशास दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळू लागला. बागाईतदारास मजूर मिळाला, तरुणास आणखी एक वर्ष मिळाले. व्यवहार उभयपक्षी लाभाचा दिसत होता.

परंतु या ८८ दिवसांचा दाखला मालकाच्या हाती होता, आणि खरी अडचण येथेच होती. दाखला हवा असलेला तरुण कमी मजुरी, गैरवर्तन किंवा कोंदट निवासाविरुद्ध तक्रार कशी करणार? काही ठिकाणी मजुरी न देता केवळ दाखल्यावर काम करून घेण्यात येई. २०१५ च्या अखेरीस शासनाने मजुरीच्या पावत्या आवश्यक केल्या आणि बिनपगारी काम मोजणे बंद केले. कामगारांच्या हक्कांवर देखरेख करणाऱ्या फेअर वर्क ओम्बुड्समनच्या २०१६ मधील अहवालातही या परावलंबनाकडे बोट दाखविण्यात आले. हंगामी मजुरांच्या निवासाची दुरवस्था किती भयंकर ठरू शकते, हे क्वीन्सलंडमधील चिल्डर्स गावी २३ जून २००० रोजीच्या पहाटे दिसले होते. फळतोडणीच्या प्रवाशांनी भरलेल्या जुन्या वसतिगृहास एका इसमाने आग लावली व १५ जण मृत्युमुखी पडले. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बंद होती.

मजुरीचा प्रश्न आपल्याकडील वाचकास सहज कळेल. ऊसतोडीत टनावर हिशेब होतो, तसा तेथे फळांच्या पेटीवर होई. नवख्या हाताने दिवसभरात पेट्या कमी भरल्या की पदरी पडणारी रक्कम किमान वेतनाच्या खाली जाई. कामगार संघटनेच्या अर्जावर फेअर वर्क कमिशनने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्णय दिला आणि २८ एप्रिल २०२२ पासून पेटीवर काम करणाऱ्यासही ताशी किमान वेतनाची हमी मिळाली. ही हमी परकीय प्रवाशासही लागू आहे. तो पाहुणा आहे, म्हणून त्याचा दर निराळा नाही.

एक विषमता मात्र राहिली आहे. ब्रिटिश तरुणांसाठी १ जुलै २०२४ पासून ठरावीक कामाची अट उठली; त्यांची वयोमर्यादाही ३५ वर्षांची आहे. भारतीयास दुसऱ्या वर्षासाठी तीन महिने व तिसऱ्या वर्षासाठी सहा महिने ठरावीक काम करावे लागते, तेही मुख्यतः उत्तर व दुर्गम भागात. एका मालकाकडे सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काळ राहता येत नाही. कायम वास्तव्याचा हक्क या व्हिसाने मिळत नाही.

म्हणून गावातील पदवीधर शिक्षकाकडे किंवा सरपंचाकडे सल्ल्यास आला, तर त्यास काही गोष्टी स्पष्ट सांगणे इष्ट. सोबत सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर बाळगावे लागतात. जमीन गहाण टाकून ही रक्कम उभी करणे म्हणजे सुट्टीसाठी कर्ज काढणे होय. वेतनाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपाव्यात. पारपत्र मालकाच्या स्वाधीन करू नये. ‘सोडतीत नाव हमखास लावून देतो’ असे म्हणणारा दलाल भेटल्यास त्यास एक पैसाही देऊ नये, कारण सोडत संगणकावर होते व तीत कोणाचा वशिला चालत नाही. नावनोंदणी ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर स्वतः करता येते; २०२४ च्या सोडतीत तिचे शुल्क २५ डॉलर होते.